चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नव्हे

"डॉक्टर, मागच्याच महिन्यात डोळे दाखवले, नंबर बदलला." मधुमेह असलेल्या रुग्णाचं हे उत्तर मी आता मान्य करत नाही. भिंतीवरचा तक्ता वाचता येणं वेगळं आणि डोळ्याचा पडदा शाबूत असणं वेगळं.

साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात. त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं. पुढे काही वाहिन्या बंद पडतात आणि तिथे नव्या, फार नाजूक वाहिन्या उगवतात. एवढं होईपर्यंत डोळा दुखत नाही, लाल होत नाही, कित्येकदा नजरही कमी होत नाही. मग एखादी नाजूक वाहिनी फुटते, डोळ्यात रक्त उतरतं आणि तुम्ही म्हणता, "रात्रीतून दिसेनासं झालं!" बिघाड मात्र कित्येक वर्षांचा असतो.

दोष एकट्या तुमचा नाही. आम्ही डॉक्टर चिठ्ठीवर गोळ्या लिहितो, एचबीएवनसी लिहितो आणि पडद्याची तपासणी विसरतो. शिबिरांचा सगळा भर मोतीबिंदूवर. त्यात अकोले तालुक्यातून नगरला यायचं म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटर एसटीचा प्रवास, आणि बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसणार. म्हणून माणसं टाळतात. मला ते कळतं, पटत नाही. मोटारसायकल घरी ठेवा, सोबत कुणाला तरी आणा.

टाइप २ मधुमेह असेल तर निदान होताच पडदा तपासा, नंतर साधारण दरवर्षी. लेझर आणि इंजेक्शनं वेळेत मिळाली तर नजर टिकवतात. उशीर झाल्यावर गेलेली नजर परत येईलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही.

पुढच्या वेळी चिठ्ठीवर 'पडदा तपासणी' दिसली नाही, तर तिथेच विचारा, का नाही?