सप्टेंबरचा पट, डिसेंबरची शाळा

दिवाळी झाली की आमच्या ऑफिसात सहामाही रिव्ह्यूचे वारे वाहू लागतात. काय जमलं, कुठे फसलं वगैरे. तिकडे परभणीत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांचंही पहिलं सत्र तेव्हाच संपतं. फरक एवढाच, की त्यांचा डेटा नेमका तेव्हाच गाव सोडून जातो!

म्हणजे असं बघा. यू-डायसच्या पटनोंदीसाठी वर्षानुवर्षं ३० सप्टेंबर ही तारीख धरली गेली. ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि चालतो मार्च-एप्रिलपर्यंत. गंगाखेड, पालम, जिंतूरकडची जोडपी मुकादमाची उचल घेऊन निघतात. मागे सांभाळणारं कुणी नसेल तर पोरंही सोबत. सर्व्हर पडण्याआधीचा बॅकअप दाखवून मी 'सगळं ओके' म्हटलं, तर मॅनेजर मला उभा तरी करेल का?

कौतुकाच्या गोष्टी आहेतच. २००९च्या कायद्याने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला. हंगामी वसतिगृहांमुळे आईबाप फडावर गेले तरी मूल गावातच जेवून-खाऊन शिकू शकतं. पण ते ट्रॅक्टर हलायच्या आधी सुरू व्हायला हवं. नंतर उघडून काय उपयोग?

म्हणून वाटतं, सहामाही आढाव्यात डोकी पुन्हा मोजावीत, डिसेंबरात. जितकी पोरं गावात राहिली, तितका आनंद खुशाल साजरा करा. आकडा घसरला तर मात्र गुरुजींना झापू नका. झापलंत, तर पुढच्या वर्षी हजेरीपत्रक भरलेलं दिसेल आणि बाक रिकामे.