मोटारीचे मुसके

बैलाच्या तोंडाला जे विणलेले टोपडे बांधतात त्याला मुसके म्हणतात, हे वाचकांना समजावून सांगावे लागेल असे दिवस आता आले आहेत. सुतळीचे नाहीतर काथ्याचे ते विणतात. कोळपणीच्या वेळी पिकाच्या दोन ओळींमधून चालणाऱ्या बैलाने उभ्या ताटाचा घास घेऊ नये, मळणीच्या वेळी खळ्यातल्या कणसांना तोंड लावू नये, एवढाच त्याचा उद्देश. मुसके आणि मुसक्या यांत मात्र गल्लत होऊ देऊ नये. मुसक्या चोराच्या आवळतात. मुसके बैलाला घालतात आणि ते कधीच आवळायचे नसते. त्याची सगळी करामत दोऱ्यात नसून भोकांत असते. घास जाऊ नये, पण वारा जावा. भोक मोठे ठेवले तर बैल जीभ बाहेर काढून कणीस ओढतो, आणि लहान ठेवले तर बिचारा दुपारच्या उन्हात धापा टाकत बसतो.

हे मुसके मोटारीलाही लागते, आणि तेही शर्यतीच्या झोकदार मोटारीला, हे मला गेल्या दिवाळीत बीडमध्ये कळले. झाले असे की, माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याने कुणाची तरी वापरलेली ‘स्पोर्ट्स कार’ विकत घेतली आणि ती घेऊन तो दिवाळीला घरी आला. दोन दारे, दोनच बैठका, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी आणि रंग पिकल्या मिरचीचा. गल्लीतली पोरे गाडीभोवती जमली. त्याच्या आईने ओवाळण्यापूर्वी गाडीला एक फेरी मारली आणि शांतपणे विचारले, “दोघांचीच जागा आहे होय? मग आम्ही कुठं बसायचं?” या प्रश्नाला जगातल्या कोणत्याही शर्यतीच्या गाडीजवळ उत्तर नाही.

पण पोराचे तोंड उतरले होते ते निराळ्याच कारणाने. नगर, कडा, आष्टी, जामखेड अशी वाट धरून तो येत होता. सौताड्याच्या पुढे समोरच्या ट्रकच्या चाकाखालून एक खडा उडाला आणि टणकन वाजला. मांजरसुंब्याला पोहोचेपर्यंत गाडीतला गारवा गेला. बीडच्या मिस्त्रीने गुडघे टेकून आत बॅटरीचा झोत टाकला आणि निदान केले, “कंडेन्सरला भोक पडलंय. गॅस गेला.”

ज्यांना मोटारीचे अंतरंग ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. मोटारीच्या तोंडाशी एकामागे एक अशा दोन जाळ्या उभ्या असतात. पुढची वातानुकूलनाची, ती कंडेन्सर. मागची इंजिनाचे पाणी थंड करणारी, ती रेडिएटर. दोन्हींत नळ्या असतात आणि नळ्यांच्या मध्ये कागदासारख्या पातळ ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांच्या घड्या. पापुद्रे जितके पातळ आणि दाट, तितकी उष्णता लवकर बाहेर पडते. म्हणजे मोटारीचा जो भाग सर्वांत नाजूक, तोच वाऱ्यासाठी सर्वांत पुढे. साध्या मोटारीला निदान तोंडावर बऱ्यापैकी पट्ट्या असतात. शर्यतीच्या घाटाच्या गाडीला वारा पुष्कळ लागतो, म्हणून तिचा जबडा रुंद, उघडा आणि रस्त्यालगत. गाडी दुप्पट वेगाने गेली की समोरच्या खड्याचा मार चौपट होतो. तेव्हा जी गाडी सर्वांत जोरात धावायची, तिचेच नाक सर्वांत उघडे, असा हा न्याय आहे.

वाचक म्हणतील, हे आपल्या रस्त्यांचे रडगाणे झाले. तसे नाही. फ्रान्समधल्या ल मां या गावी चोवीस तासांची मोटारशर्यत १९२३ साली पहिल्यांदा झाली, तेव्हा तिथला रस्ताही खडीचाच होता. त्या शर्यतीत जॉन डफ आणि फ्रँक क्लेमंट हे दोघे एक बेंटली गाडी आलटूनपालटून चालवत होते. गाडी सर्वांत चपळ. पण एका खड्याने पुढचा दिवा फोडला आणि दुसऱ्याने पेट्रोलच्या टाकीला भोक पाडले. गाडी रस्त्यातच उभी राहिली. डफ पळत परत आला, मग क्लेमंट एका सायकलवर पेट्रोलचे डबे घेऊन गाडीपाशी गेला, भोक बुजवले आणि पुन्हा शर्यतीत शिरला. नंबर आला चौथा. पुढच्या वर्षी, १९२४ साली, हेच दोघे पुन्हा आले. या खेपेस दिव्यांवर तारेची जाळी होती आणि टाकीलाही संरक्षण होते. त्या वर्षी ते जिंकले. केवळ जाळीमुळे जिंकले असे म्हणणे चालकांवर अन्याय करणारे होईल. पण शर्यतीच्या गाडीला जाळी लावणे हे काही बीडच्या मिस्त्रीचे खूळ नव्हे, एवढे यावरून सिद्ध व्हावे.

आमच्याकडे खड्याच्या जोडीला आणखी दोन शत्रू आहेत आणि ते ऋतूप्रमाणे येतात. दिवाळीच्या सुमारास गेवराई, माजलगाव, वडवणीकडे कापसाची वेचणी चालू असते. कापसाने फुगलेले टेंपो रस्त्याने जातात आणि त्यांच्यामागे पांढरे पुंजके उडत राहतात. त्यानंतर ऊस सुरू होतो, म्हणजे पाचट आले. कापसाचा पुंजका दगडासारखा भोक पाडत नाही. तो पापुद्र्यांवर चिकटतो, त्यावर धूळ बसते, धुळीवर किडे बसतात आणि बघता बघता रेडिएटरला गोधडी पांघरली जाते. गारठ्याच्या दिवसांत हे लक्षात येत नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि गाडी घाट चढू लागते, तेव्हा लक्षात येते. घाटात वेग कमी, म्हणून वारा कमी. आणि इंजिनाला कष्ट जास्त, म्हणून उष्णता जास्त. नेमक्या त्या वेळी श्वास कोंडला की इंजिनाचे पाणी उकळते. त्याकडे दुर्लक्ष करून गाडी रेटली तर इंजिनाचे डोके वाकडे होते आणि मग जो खर्च येतो त्यात दोन दिवाळ्या सुखाने साजऱ्या व्हाव्यात.

मुलाने मोबाइलवर पाहून ठेवलेली जाळी फार देखणी होती. बारीक, दाट, काळी कुळकुळीत. स्वयंपाकघरातल्या पिठाच्या चाळणीची थोरली बहीण. मिस्त्रीने ती पाहून मान हलवली. “दादा, बैलाला मुसकं कशापायी बांधतेत? खाऊ नये म्हणून. ह्यानं तर त्याचा दमच कोंडंल.”

मी भाषेचा माणूस. तरीपण कागद घेऊन हिशेब केला. तार १ मिलिमीटर जाड आणि चौकोनी भोक २ मिलिमीटरचे असेल तर प्रत्येक घर तीन बाय तीन, म्हणजे ९ चौरस मिलिमीटर. त्यात मोकळी जागा ४. जुन्या भाषेत बोलायचे तर रुपयातले सातच आणे वारा आत जायचा. तीच तार आणि भोक १० मिलिमीटरचे, तर १२१ पैकी १०० मोकळे. तेरा आणे वारा. पण मग खडी आत येणार. मधला मार्ग ६ मिलिमीटरचा. ४९ पैकी ३६ मोकळे, म्हणजे पावणेबारा आणे. त्यातूनही बारीक कण जातीलच, पण निम्म्या जाडीच्या खड्याचे वजन एक अष्टमांश असते. त्याचा मार पापुद्र्यांना सोसतो. मिस्त्रीने हा हिशेब कौतुकाने ऐकून घेतला आणि खिशातून जाळीचा एक तुकडा काढून दाखवला. तो ६ मिलिमीटरचाच होता. तीस वर्षे ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याला भागाकार करावा लागत नाही.

बसवण्याची रीतही त्याने ट्रॅक्टरवरूनच घेतली होती. पुष्कळ ट्रॅक्टरांना रेडिएटरपुढे वर ओढून काढता येईल अशी जाळी असते. शेतकरी ती बांधावर आपटतो, भुसा झाडतो आणि पुन्हा खाली सरकवतो. मोटारीची जाळीही अशीच सुटी व्हायला हवी, हा त्याचा पहिला नियम. लोखंडाची घेतली तर पहिल्या पावसात तांबेरा चढतो, म्हणून न गंजणाऱ्या पोलादाची घेतली. कडा दुमडून त्यांवर चिरलेली रबरी नळी चढवली, म्हणजे घासून रंग जायला नको. गाडीच्या बंपरला एकही भोक न पाडता आतल्या प्लॅस्टिकच्या सांगाड्याला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी ती बांधली. जाळी आणि कंडेन्सर यांत दोन बोटे अंतर ठेवले. खड्याने जाळी पोचली तरी तिने मागच्या पापुद्र्यांना टेकू नये. हल्लीच्या काही गाड्यांत पुढच्या बोधचिन्हामागे रडार दडवलेले असते. त्याच्यासमोर धातू आला की ते आंधळे होते, म्हणून तेवढी जागा तपासून घ्यावी लागते. आणि महिन्यातून एकदा जाळी काढून ब्रशने झाडायची; मागच्या पापुद्र्यांवर पाणी मारायचे तर मंद धारेने, जोराच्या फवाऱ्याने ते गवतासारखे लोळतात.

इथवर सगळे सुरळीत झाले. मग मुलाचे काका आले. त्यांनी जाळी हाताने दाबून पाहिली आणि म्हणाले, “ही काय लेकराच्या खेळण्यातली जाळी? पुढं चांगला दोन इंची नळीचा गार्ड ठोक. एखादं आडवं आलं तरी गाडीला काही व्हायचं नाही.”

मला वाक्यातल्या सर्वनामांकडे पाहण्याची धंदेवाईक खोड आहे. “काका, हे ‘एखादं’ म्हणजे कोण?” मी विचारले. काका म्हणाले, “कोण म्हणजे? कुत्रं, मांजर… कोणी का असंना.”

हे ‘कोणी का असेना’ मला नीट माहीत आहे. दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीला माणसे निघतात. नवराबायकोची एक जोडी म्हणजे एक ‘कोयता’, अशीच त्यांची मोजदाद होते. ट्रॅक्टर आणि ट्रकांमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, पोरे, म्हातारी असा सगळा संसार भरून ती पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या दिवसांत रात्रीच्या रस्त्यावर, मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीशेजारी, कुणी चाक बदलत असते, कुणी पाणी शोधायला उतरलेले असते, कुणी लेकराला कडेला बसवलेले असते. नोव्हेंबरमध्ये वर्गात हजेरी घेताना ज्या नावांना उत्तर येत नाही, त्यांतली काही या ट्रॉल्यांत बसलेली असतात. काकांच्या गार्डापुढे आडवे येणारे ‘एखादं’ ते हेच.

मोटारीचा बंपर मऊ असतो तो कारखानदाराच्या कंजूषपणामुळे नव्हे. धडक बसली तर त्याने चेपावे, धक्का थोडा आपण गिळावा आणि समोरच्याचे हाड वाचवावे, अशी ती योजना असते. आतल्या माणसासाठी हवेच्या उश्या फुगतात, त्यांचा इशाराही त्या चेपण्याच्या हिशेबावर बेतलेला असतो. पुढे पोलादी नळी आली की बंपर वाचतो आणि समोरच्या माणसाचा पाय किंवा बरगडी जाते. शिवाय धक्का सरळ सांगाड्याला पोहोचून उशीचा हिशेबही चुकू शकतो. म्हणजे ज्याच्या भरवशावर नळी बसवली त्याचीही खात्री नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवून असे गार्ड बेकायदा असल्याचे स्पष्ट केले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाविरुद्ध ते जातात. तरीही ते रस्त्यावर सर्रास दिसतात, कारण ते घेणारा स्वतःला नेहमी नळीच्या मागच्या बाजूला बसलेला पाहतो.

हे सगळे मी काकांना सांगितले. त्यांना कायद्याचे काही वाटले नाही. मिस्त्री मात्र हात पुसत एवढेच म्हणाला, “काका, तुमचा थोरला औंदा कारखान्यावर जातोय ना?” काका गप्प झाले. थोरला पुतण्या कोयत्याच्या टोळीचा मुकादम होता, आणि परवाच निघायचा होता.

नळी बसली नाही. जाळी बसली. कंडेन्सर नवा टाकावा लागला, त्याच्या तुलनेत जाळीचा खर्च नगण्य. यंदा मे महिन्यात मुलगा पुन्हा आला, तेव्हा भर दुपारी आम्ही त्याच गाडीतून मांजरसुंब्याचा घाट चढलो. आमच्या दोघांची नजर रस्त्यापेक्षा उष्णतेच्या काट्यावर जास्त होती. काटा मध्यावरून हलला नाही. वर पोहोचल्यावर त्याने जाळी सोडवून झाडली. कापूस, पाचटाचे तुकडे, दोन मेलेले टोळ आणि बोराएवढी एक खडी खाली पडली.

दिवाळीत अनेक घरी नवी गाडी येईल. तिला हार घालाल, लिंबू-मिरची बांधाल, तेव्हा वाकून तिच्या तोंडातही एकदा डोकावून पाहा. आत नाजूक पापुद्रे उघडे दिसले तर मोकळ्या भोकांची एक साधी जाळी अवश्य बसवा. दुकानदार पोलादी नळी दाखवील, चकचकीत असेल, स्वस्तही पडेल. पोळ्याला बैलाच्या शिंगांना आपण पितळी शेंब्या बसवतो, त्या मिरवणुकीपुरत्या. रस्त्याने माणसे चालत असतात. तिथे गाडीला मुसके शोभते, शिंगे नव्हेत.