'छान' या शब्दाआडची उपेक्षा

शासकीय सेवेत अनेक वर्षे आम्ही कनिष्ठांचे गोपनीय अहवाल लिहिले. ज्याच्या कामाकडे आम्ही नीट पाहिलेले नसे, त्याच्यासाठी एक शेरा ठरलेला असे : 'काम समाधानकारक.' त्या शेऱ्याने कोणाचे नुकसान झाले नाही, तसे कोणी सुधारलेही नाही. इंदुरातील आमच्या हौशी छायाचित्रकार मंडळींच्या मासिक बैठकीत 'वा, छान!' ऐकताना हटकून तोच शेरा आठवतो.

गेल्या वर्षी एका ज्येष्ठ स्नेह्यांनी राजवाड्याचे छायाचित्र दाखविले. अगदी जवळून, कॅमेरा वर करून टिपलेले. त्यामुळे ती सातमजली वास्तू मागे कलल्यासारखी भासत होती. आम्हां सर्वांना ते दिसले, आणि आम्ही सर्व 'अप्रतिम' म्हणालो. त्यांनी ते मोठे करून, चौकटीत बसवून एका प्रदर्शनात ठेवले. तेथे एका अनोळखी मुलाने विचारले, "काका, राजवाडा मागे पडतोय का?" पुढल्या बैठकीत स्नेह्यांनी आम्हांला एवढेच विचारले, "तुम्हांला दिसलं नव्हतं?" आम्ही निरुत्तर झालो.

'हा छंद आहे, परीक्षा नव्हे. घरच्याच माणसांची मने कशाला दुखवायची?' असा युक्तिवाद केला जातो. तो आम्हांला मान्य नाही. चूक परक्याकडून कळण्याची पाळी आणणे, हा कसला जिव्हाळा? 'समोरच्या बागेपर्यंत मागे सरा, कॅमेरा सरळ धरा,' हे सांगायला अर्धे मिनिट पुरले असते. आम्ही त्यांचे मन जपले नाही. आपली सोय तेवढी जपली.

म्हणून 'जमलं नाही' असा निकाल फेकून मोकळे होणाऱ्यांची वकिली आम्ही करीत नाही. कारण न सांगता केलेली निंदा आणि कारण न सांगता केलेली स्तुती या सख्ख्या बहिणीच. दोघींनाही पाहण्याचे कष्ट नकोत. काय दाखवायचे होते, हे आधी विचारावे. मग म्हणावे : कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरचा सायंप्रकाश सुरेख उतरला, आकाश मात्र पांढरेफटक होऊन ढग हरवले, एक्स्पोजर थोडे कमी हवे होते. एक गुण, एक दोष, एक उपाय. दोष चित्राचा सांगावा, माणसाचा नव्हे.

देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली ज्या इंदुरात बेंद्रे घडले, तेथे तरी चूक दाखविणे हा अपमान ठरू नये.

त्या स्नेह्यांची आम्ही क्षमा मागितली आहे. ते राजवाडा पुन्हा टिपून आणणार आहेत. या खेपेस आम्ही गप्प बसणार नाही.