उसाच्या बेटाचा ताळेबंद



आपल्या व्यापारी कुटुंबांत मॉरिशसचे नाव सहसा दोनच प्रसंगी निघते. एक, घरातील नवविवाहित जोडपे सहलीस निघते तेव्हा. आणि दुसरे, भागबाजाराच्या बातम्यांत ‘मॉरिशसमार्गे आलेली गुंतवणूक’ असा उल्लेख येतो तेव्हा. परंतु रत्नागिरी जिल्ह्याचे या बेटाशी असलेले नाते याहून पुष्कळ जुने आहे, आणि त्या देशाचा जमाखर्च तपासला तर आपल्या पेढ्यांना उपयोगी पडेल असे बरेच काही हाती लागते.

दापोली तालुक्यातील आमच्या बुरोंडीच्या किनाऱ्यापासून हे बेट दक्षिण-नैर्ऋत्येस सुमारे साडेचार हजार किलोमीटरवर, मादागास्करच्या पूर्वेस आहे. रॉड्रिग्ज, अगालेगा ही बेटे धरून देशाचे क्षेत्रफळ २०४० चौरस किलोमीटर, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या जेमतेम एक चतुर्थांश, आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. भूमी ज्वालामुखीजन्य, काळ्या दगडाची. भूशास्त्रज्ञांच्या मते, भूगर्भातील ज्या तप्त स्थानाने सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे पठार आणि सह्याद्रीचा कातळ घडवला, त्यानेच पुढे मॉरिशस घडवले; आज ते स्थान शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. आपला कातळ आणि त्यांचा कातळ अशा रीतीने एकाच भट्टीतला ठरतो.

या बेटावर मूळचे रहिवासी कोणी नव्हते. १५९८ मध्ये डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्राचे नाव बेटाला दिले. त्यांच्याच काळात डोडो हा न उडणारा पक्षी नामशेष झाला. १७१५ मध्ये फ्रेंचांनी आणि १८१० मध्ये इंग्रजांनी ताबा घेतला. १८३५ मध्ये तेथील गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. ते करार करून हिंदुस्थानातून नेण्यास १८३४ मध्येच आरंभ झाला होता. पुढील पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसे तेथे उतरली. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर त्यांची नोंद होई, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. बहुसंख्य मजूर बिहार व लगतच्या प्रांतांतले. त्यांखालोखाल तमिळ, तेलुगू. आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील मराठी माणसे मोठ्या संख्येने होती.

करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपयांच्या घरात, आणि एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचे वेतन कापण्याची रीत. अशा हिशेबात शिल्लक ती काय पडणार? तरीही ती पडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचे भाव कोसळले आणि मळेवाले अडचणीत येऊन जमिनीचे तुकडे विकू लागले, तेव्हा ते विकत घेणारे हेच जुने मजूर होते. पै-पै जोडून घेतलेल्या या तुकड्यांवर छोट्या ऊसउत्पादकांचा वर्ग उभा राहिला आणि त्यांची मुले शाळेत गेली. माझ्या मते बेटाच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा व्यवहार होय. त्यातूनच पुढे मतदार, वकील, डॉक्टर आणि पंतप्रधान निर्माण झाले.

मराठी मंडळी तेथे आजही अल्पसंख्य आहेत, पण ओळख टिकवून आहेत. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. शाळांतून मराठी शिकवली जाते. आणि आपल्या कोकणातील जाखडी ‘झाकरी’ या नावाने तेथे नाचली जाते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. त्यांवरून पणजोबांचे गाव शोधत तेथील तरुण आजही कोकणात येतात. आपल्याकडे कोणी असा पाहुणा चौकशी करीत आला, तर त्याला पाणी पाजूनच नव्हे, गावातील जुन्या माणसांशी गाठ घालून देऊन पाठवावे.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि १९९२ मध्ये त्याच तिथीला प्रजासत्ताक. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. राज्यपद्धती इंग्रजी धाटणीची. संसदेत ६२ निवडून आलेले सदस्य, आणि लहान समाजांना प्रतिनिधित्व कमी पडू नये म्हणून पराभूतांपैकी अधिक मते मिळवणाऱ्या कमाल आठ जणांना जागा देण्याची तरतूद. अंतिम अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. मतदार एकदा रागावला की काही शिल्लक ठेवत नाही: १९८२, १९९५ आणि २०२४ या तिन्ही वेळी मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा एकाच बाजूला गेल्या. तरीही सत्तांतर दर वेळी शांततेने झाले.

आता अर्थकारण. १९६१ मध्ये ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी या देशाचे भवितव्य निराशाजनक ठरवले होते: वाढती लोकसंख्या, एकच पीक आणि अपुरे रोजगार. पुढे नोबेल मिळवणाऱ्या या विद्वानाचे भाकीत मात्र खोटे ठरले. १९७० मध्ये निर्यातीसाठी खास सवलतीचा कायदा झाला आणि कपड्यांचे कारखाने उभे राहिले. हजारो स्त्रिया प्रथमच पगारदार झाल्या. १९७५ च्या लोमे करारान्वये युरोपने दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर जागतिक बाजाराहून चढ्या भावाने घेण्याची हमी दिली. त्यातून आलेला पैसा उधळला न जाता हॉटेले, कारखाने आणि शिक्षण यांत गेला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण विनामूल्य आहे.

मात्र हमी कायमची नसते. २००५ मध्ये कापडाचे जागतिक कोटे संपले, २००९ मध्ये साखरेची हमी संपली. देशाने कच्ची साखर निर्यात करणे सोडून शुद्ध व खास प्रतीची साखर, चिपाडापासून वीज आणि मळीपासून मद्यार्क यांकडे मोहरा वळवला. जोडीला पर्यटन आणि वित्तसेवा होत्याच.

वित्तसेवेशी आपला थेट संबंध येतो. १९८२ मध्ये भारताशी झालेल्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारानुसार, मॉरिशसच्या कंपनीने भारतातील शेअर विकून मिळवलेल्या नफ्यावर कर लावण्याचा अधिकार मॉरिशसकडे होता, आणि तेथे तो कर नव्हताच. साहजिकच एके काळी भारतात येणाऱ्या थेट परकीय गुंतवणुकीचा सुमारे एक तृतीयांश भाग या चिमुकल्या बेटावरून येई. त्यात भारताचाच पैसा वळसा घालून परततो, असा आक्षेप होता. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था वैध ठरवली. परंतु २०१६ मध्ये करारच बदलला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरच्या नफ्यावर कर लावण्याचा अधिकार भारताकडे आला. पुढे २०२० मध्ये काळ्या पैशाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय गटाने देशाला ‘करड्या यादीत’ टाकले. नियम कडक केल्यावर २०२१ मध्ये सुटका झाली.

आजचा ताळेबंदही निर्दोष नाही. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक आहे. बहुतेक अन्न आयात होते. लोकसंख्या वृद्ध होत असल्याने २०२५ मध्ये वृद्धत्व वेतनाचे वय साठावरून क्रमाक्रमाने पासष्टवर नेण्याचा अप्रिय निर्णय घ्यावा लागला. २०२० च्या जुलैत ‘वाकाशियो’ हे जहाज प्रवाळावर आदळून तेल सांडले, तेव्हा मासेमारी आणि पर्यटन एकाच फटक्यात सापडले.

बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना मी एक प्रश्न हमखास विचारत असे: उद्या ही सवलत बंद झाली तर हप्ता कशातून भराल? अनुदान, करसूट, एकच मोठा ग्राहक किंवा एकच मोसम, या गोष्टी उत्पन्नाच्या बाजूला लिहाव्यात. भांडवलाच्या बाजूला लिहू नयेत. आमच्या दापोली भागात एका अवकाळी पावसाने आंब्याचा मोहर जातो आणि बागायतदाराबरोबर त्याला उधार देणारा दुकानदारही बसतो. मॉरिशसने उसाचे चार प्रकारे पैसे केले; आपल्याकडे आंब्याचा रस, काजूगर आणि मासळी यांवरील प्रक्रिया अजून थोड्यांच हाती आहे. हे काम त्या शेतकऱ्याशी रोजचा व्यवहार असलेल्या व्यापाऱ्यानेच पुढाकार घेऊन करण्याजोगे आहे.

घरातील तरुण मुलामुलींना या दिवाळीत नवी वही पूजताना एवढे काम द्यावे: गेल्या पाच वर्षांचा नफा किती मार्गांनी आला, ते लिहून काढा. उत्तर ‘एकाच’ असे आले, तर पुढील वर्षाचा विचार तेथूनच सुरू करावा.