आधी आपलं ताट

परवा भाजी निवडून उठताना आईनं ओट्याची कड धरली, गुडघ्यावर तळवा दाबला आणि मगच उभी राहिली. ‘वय झालं गं आता,’ म्हणाली. झालं, खरंच, पण म्हणून शरीराकडं पाठ फिरवायची? तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर आणखी वेगानं. पाळी थांबली की हाडंही झपाट्यानं झिजतात. त्यात जन्मभर सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाल्लेलं! तरीही सत्तरीतला स्नायू व्यायामानं बळकट होतो. आई आता रोज हात न टेकता खुर्चीवरून दहादा उठते-बसते, वाटीभर घट्ट वरण जेवते. सुरकुत्या असू देत, केस पिकू देत. बायांनो, आज आधी आपलं ताट वाढून घ्या.