तरवडाला घाई नसते!

अंगणातला प्रयोग

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सातवीत शिकणारी माझी पुतणी नशिराबादच्या आमच्या अंगणात तोंड फुगवून बसली होती. तिनं कुंडीत तरवडाच्या वीस बिया लावल्या होत्या. पंधरा दिवस झाले, आणि उगवल्या किती? फक्त तीन!

"काका, बाकीच्या बिया सडक्या निघाल्या. फेकून देऊ?"

"आधी माती उकरून तर पाहा," मी म्हटलं.

तिनं काडीनं माती उकरली. बिया सापडल्या आणि गंमत म्हणजे त्या सडलेल्या नव्हत्याच. लावल्या दिवशी होत्या तशाच टणक होत्या, जणू पाण्याचा थेंबही आत शिरला नव्हता.

तरवड तुम्ही नक्की पाहिला असेल. जळगावहून भुसावळकडे जाताना नशिराबाद लागतं. इकडे रस्त्याकडेला, बांधावर, माळावर पिवळ्याजर्द फुलांची झुडपं दिसतात ना, तोच हा. त्याला कोणी पाणी घालत नाही, खत देत नाही. मे महिन्यात आपल्या खानदेशात पारा ४५ अंशांवर जातो, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तरी तरवड उभाच! शेजारच्या तेलंगणानं तर त्याला आपलं राज्यफूल केलंय.

मग एवढ्या चिवट झाडाची बी उगवायला इतका वेळ का लावते?

याचं उत्तर मला लहानपणीच मिळालं होतं. त्या वर्षी आमच्या आजोबांनी कपाशीची धूळपेरणी केली होती. म्हणजे पाऊस येईल या भरवशावर कोरड्या जमिनीतच बी टाकलं होतं. मृगाच्या सरी आल्या आणि सगळं शेत एकदम हिरवं झालं. आम्ही पोरं नाचलो! पण नंतर तीन आठवडे पाऊस गायब. कोवळे कोंब डोळ्यांदेखत करपले. उधारीवर बियाणं आणून दुबार पेरणी करावी लागली. त्या दिवाळीत आम्हाला नवे कपडे मिळाले नाहीत. बांधावर बसून आजोबा तरवडाकडे बोट दाखवत म्हणाले, "याच्याकडून शिका रे. हा पहिल्या पाण्याले भुलत नही."

आजोबांचं म्हणणं विज्ञानालाही पटतं. तरवडाच्या बीचं कवच इतकं कठीण असतं की पाणी आत जातच नाही. ऊन, माती, दगडगोट्यांचं घासणं यांनी ते हळूहळू झिजतं. काही बियांचं लवकर, काहींचं उशिरा. त्यामुळे काही बिया यंदा उगवतात, काही पुढच्या वर्षी, काही त्यानंतर. पावसानं एका वर्षी दगा दिला, तरी जमिनीत शिल्लक असतेच. बियांच्या या झोपेला 'सुप्तावस्था' म्हणतात.

पिकांचं मात्र उलटं आहे. हजारो वर्षं माणसानं एकदम उगवणारं, एकदम पिकणारं बी निवडून जपलं. कापणीला ते सोयीचं, पण पाऊस हुकला की सगळंच जातं. म्हणून तर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका, असं कृषी विभाग सांगतो. बीला थांबता येत नाही, तेव्हा शेतकऱ्यालाच थांबावं लागतं.

बी किती वर्षं थांबू शकते? १८७९ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या प्राध्यापकांनी वीस बाटल्यांत वाळू आणि तणांच्या बिया भरून त्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून बिया पेरतात. २०२१ साली एक बाटली काढली, तर १४२ वर्षांनंतरही एका जातीच्या बिया उगवल्या! पुढची बाटली २०४० साली निघेल. तेव्हा तुमचं वय किती असेल? करा हिशेब!

आता तुमची पाळी

हिवाळ्यात तरवडाच्या चपट्या शेंगा वाळून तपकिरी होतात. एका झुडपाच्या चार-पाचच शेंगा घ्या, बाकीच्या तिथंच राहू द्या. बिया कागदाच्या पुडीत ठेवा, पुडीवर तारीख आणि जागा लिहा.

जूनमध्ये वीस बिया घ्या. दहा तशाच ठेवा. उरलेल्या दहा पॉलिश पेपरवर एका बाजूनं हलकेच घासा. कवचाची चमक गेली की पुरे, आतला गर दिसता कामा नये. सगळ्या बिया रात्रभर वेगवेगळ्या वाट्यांत भिजवा. सकाळी कुठल्या फुगल्या ते मोजा.

दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली भोकं पाडा. माती, रेती आणि थोडं शेणखत भरून अर्धा इंच खोल बी लावा. माती ओलसर हवी, चिखल नको. तरवडाचं मूळ सरळ खोल जातं, म्हणून रोप लहान असतानाच मुळाला धक्का न लावता जमिनीत लावा. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी द्या. पुढे त्याचं तो बघतो.

गोकर्णाच्या बियाही अशाच घासून लावता येतात. कुर्डूची बी मात्र बारीक असते. ती नुसती भुरभुरा आणि वर चिमूटभर माती टाका. शेत जवळ असेल तर कुर्डूचे तुरे वाळायच्या आत खुडा, नाहीतर शेतात तण माजेल आणि बोलणी तुम्हाला बसतील!

एक सूचना : धोतरा आणि कळलावी विषारी आहेत, त्यांच्या बिया गोळा करू नका. गाजरगवतालाही हात नको, अंगाला खाज सुटते.

आणि हो, पुतणीच्या कुंडीचं काय झालं? तिनं ती फेकली नाही, पायरीच्या कोपऱ्यात ठेवून दिली. यंदा पहिल्या पावसानंतर धावत आली, "काका, आणखी दोन आल्या!"

पंधरा अजून झोपल्यात. आम्ही वाट बघतोय.

तुमच्या वीसपैकी किती उगवल्या, ते पत्रानं कळवा बरं का!