पाटी दिसली पाहिजे



प्रवेश, फी, शिष्यवृत्ती, निकाल, सगळे आता संकेतस्थळावर असते. असते हे खरे, पण सापडते का? अर्जाची लिंक सापडत नाही म्हणून कित्येक पालक ऑनलाइन कामे करून देणाऱ्या दुकानात पैसे मोजतात. कधी या शोधाशोधीत शेवटची तारीखही निघून जाते. मग आपण सहज म्हणतो, "त्यांना कॉम्प्युटर येत नाही." आम्हांला हे पटत नाही. पुष्कळदा दोष पालकांचा नसतो, लिंकांच्या मांडणीचा असतो.

आपला सराफा बाजार पाहा. बाहेरगावचा पाहुणा महाराज बाड्यावर उतरला आणि त्याला दागिना घ्यायचा असला, तर "सराफा कुठे?" एवढे विचारले की पुरते. आत काय मिळेल ते बाजाराच्या नावातच आले. पुढे दुकाने शेजारी शेजारी आणि पाट्या समोर. हीच दुकाने गल्लीत गल्ली आणि तिच्या आत बोळ अशी विखुरलेली असती, तर प्रत्येक वळणावर पाहुण्याला शंका आली असती.

संकेतस्थळाचेही असेच आहे. १९९८ साली मायक्रोसॉफ्टच्या केविन लार्सन आणि मेरी झरविन्स्की या संशोधकांनी एक प्रयोग केला. एकूण ५१२ गोष्टी त्यांनी तीन तऱ्हांनी मांडल्या. पहिल्या तऱ्हेत ८ गट, प्रत्येकात ८ उपगट आणि त्यांत पुन्हा ८ लिंका. दुसरीत १६ गट आणि प्रत्येकात ३२ लिंका. तिसरीत ३२ गट आणि प्रत्येकात १६. गुणाकार करून पाहा, तिन्हींचे उत्तर एकच येते. तरीही तीन पायऱ्यांच्या मांडणीत शोधायला सर्वांत जास्त वेळ लागला. एका वेळी आठच लिंका दिसणे सोपे वाटते, पण प्रत्येक पायरीवर अंदाज बांधावा लागतो, आणि एक अंदाज चुकला की मागे फिरावे लागते.

मग सर्व काही पहिल्याच पानावर द्यावे का? तेही नाही. साऱ्या सराफ्याच्या पाट्या एकाच खांबावर ठोकल्या, तर एकही वाचता येणार नाही. गट हवेत, पण ते थोड्या पायऱ्यांचे आणि स्पष्ट नावांचे हवेत. "इतर" किंवा "महत्त्वाचे दुवे" या नावांवरून आत काय आहे ते कळत नाही. "फी भरा", "सहामाहीचे वेळापत्रक" ही नावे कळतात. लिंक उघडल्यावर अपेक्षित तेच समोर आले की वेळ वाचतो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मनाला भरवसा वाटतो. पुढच्या वेळी तो माणूस दुसऱ्याचा हात न धरता स्वतः शोधतो.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवावा, हे त्यांतले चौथे. ते पुस्तकांच्या कपाटाइतकेच मोबाइलच्या पडद्यालाही लागू आहे.

आपल्या शाळेचे संकेतस्थळ नव्याने करण्याचा विचार चालू आहे. विश्वस्त मंडळींना आमची नम्र विनंती आहे की समारंभांची छायाचित्रे आणि आम्हा पदाधिकाऱ्यांचे संदेश खाली असावेत. वर फी, वेळापत्रक, सुट्ट्या, प्रवेश आणि शिष्यवृत्ती असावी. नावे मराठीत आणि हिंदीत द्यावीत, कारण घरी मराठी बोलणारी आपली कितीतरी मुले आणि पालक सरकारी कागद हिंदीतच वाचतात.

काम पुरे झाले की नववीच्या विद्यार्थ्यांनी एक परीक्षा घ्यावी. घरी आजी-आजोबांच्या हाती मोबाइल द्यावा आणि सांगावे, "दिवाळीची सुट्टी कधीपासून ते शोधा." स्वतः गप्प बसून घड्याळ पाहावे. किती वेळ लागला, ते कुठे अडले, चिडले का, सारे लिहून आणावे. या परीक्षेत आजी-आजोबा नापास होणार नाहीत. झालोच तर आम्ही होऊ, आणि मग पान पुन्हा मांडू.

— प्राचार्य